पायथन म्हणतो ‘मॉड्यूल सापडले नाही’. मग कारण कसे शोधायचे?

समजा, तुमच्या वस्तीतील बुद्ध विहाराच्या अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज कुठे अडकले आहेत, याची माहिती चार कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून गोळा केली आणि एक्सेलमध्ये भरली. कोणाचा अर्ज महाविद्यालयाच्या टेबलावर पडून आहे, कोणाचा उत्पन्नाचा दाखला जुना झाला आहे, कोणाचे बँक खाते आधारशी जोडलेले नाही. अभियांत्रिकीला असलेल्या एका मुलीने पायथनमध्ये वीसेक ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. यादी वाचायची आणि महाविद्यालयनिहाय तक्ता काढायचा, एवढेच त्याचे काम. तो तक्ता घेऊन सोमवारी समाजकल्याण कार्यालयात निवेदन द्यायचे ठरले आहे.

तिच्या लॅपटॉपवर प्रोग्राम व्यवस्थित चालतो. विहारातल्या संगणकावर मात्र पडद्यावर लाल ओळी येतात आणि शेवटी लिहिलेले असते, ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर : नो मॉड्यूल नेम्ड पँडाज’.

इथेच अनेक जण थांबतात. घरात पहिल्यांदाच संगणक शिकणाऱ्या मुलाला अशा लाल ओळी दिसल्या की ‘हे आपल्या आवाक्यातले नाही’ असे वाटू लागते. ज्याच्या घरात इंजिनिअर भाऊ किंवा आयटीतला काका आहे, तो फोन करून पाच मिनिटांत उत्तर मिळवतो. ज्याला विचारायला कोणी नाही, तो संगणक बंद करतो. दोघांच्या बुद्धीत फरक नसतो, फरक असतो तो विचारायला माणूस असण्यात. म्हणून हा लेख. ज्यांना विचारायला कोणी नाही, त्यांनी तो शेजारी उघडून ठेवावा आणि एकेक पायरी तपासत जावे.

एक सूचना आधीच. लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. ‘डॅश’ म्हणजे आडवी छोटी रेघ, आणि तिच्या पुढच्या अक्षराला ती चिकटून लिहायची.

आधी शेवटची ओळ वाचा

लाल मजकूर कितीही लांब असला तरी वाचायला सुरुवात खालून करावी. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार आणि तिचे कारण असते. तिच्या वरच्या ओळींत कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर गाडी अडली ते सांगितलेले असते.

‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ म्हणजे मागितलेले मॉड्यूल मुळात सापडलेच नाही. पायथन ३.६ या आवृत्तीपासून ही चूक अशा स्वतंत्र नावाने दाखवली जाते. तिच्यासारखीच दुसरी चूक आहे ‘इम्पोर्टएरर : कॅनॉट इम्पोर्ट नेम’. तिचा अर्थ वेगळा. मॉड्यूल सापडले, पण त्यातली जी वस्तू तुम्ही मागितली ती त्यात नाही. पहिल्या चुकीत बहुधा पॅकेज बसवायचे राहिलेले असते. दुसऱ्या चुकीत बहुधा आवृत्ती जुनी-नवी झालेली असते किंवा नावाचा घोळ असतो. दोन्हींवर एकच औषध चालत नाही, म्हणून आधी नीट वाचायचे.

इम्पोर्ट म्हणजे नेमके काय होते?

प्रोग्रामर ज्याला ‘लायब्ररी’ म्हणतात तो शब्द आपल्याला परका नाही. ग्रंथांसाठी राजगृह बांधणाऱ्या बाबासाहेबांचा वारसा सांगणारे आपण आहोत. ग्रंथालयाचीच उपमा इथे चपखल बसते.

‘इम्पोर्ट पँडाज’ ही ओळ म्हणजे ग्रंथपालाला दिलेली चिठ्ठी. पायथन ती घेतो आणि ठरलेल्या क्रमाने कपाटे पाहत जातो. जी मॉड्यूल पायथनच्या पोटातच बांधलेली आहेत ती लगेच मिळतात. मग तुमचा प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये आहे ते कपाट, त्यानंतर पायथनसोबत आलेल्या प्रमाणित लायब्ररीचे कपाट आणि शेवटी ‘साइट डॅश पॅकेजेस’ नावाचे कपाट. बाहेरून आणलेली सगळी पॅकेजेस या शेवटच्या कपाटात ठेवली जातात. कपाटांची ही यादी ‘सिस डॉट पाथ’ या नावाने पायथनजवळ असते. यादीतल्या एकाही कपाटात पुस्तक नसेल, तर ‘नो मॉड्यूल नेम्ड’ असे उत्तर येते.

पायथन शोध घेतो तो फक्त त्याच्या यादीतल्या कपाटांत. संगणकावर दुसरीकडे कुठे ते पॅकेज असले तरी त्याला दिसत नाही. पुढच्या निम्म्या अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

पहिली पायरी : पॅकेज बसवा

पायथन पहिल्यांदा १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यासोबत बरीच मॉड्यूल येतात, पण पँडाज त्यांत नाही. ते वेगळे आणावे लागते. अशी पॅकेजेस जिथे ठेवलेली असतात त्या सार्वजनिक कोठाराचे नाव ‘पायपीआय’ आणि तिथून आणून देणाऱ्या साधनाचे नाव ‘पिप’.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट किंवा लिनक्सवर टर्मिनल उघडा आणि टाइप करा : ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल पँडाज’. विंडोजवर ‘पायथन’ हा शब्द ओळखला गेला नाही तर त्याच्या जागी ‘पीवाय’ ही दोन अक्षरे लिहून पाहा. लिनक्स आणि मॅकवर बहुधा ‘पायथन३’ लिहावे लागते. विंडोजवर पायथन नव्याने बसवत असाल तर पहिल्याच पडद्यावर पायथनला ‘पाथ’मध्ये जोडण्याची चौकट असते. तिच्यावर खूण करायला विसरू नका, म्हणजे पुढचा त्रास वाचतो.

ही आज्ञा पायथनच्या प्रोग्राममध्ये किंवा तीन बाण दिसणाऱ्या पायथनच्या खिडकीत लिहायची नसते. तिथे लिहिली तर ‘सिंटॅक्स एरर’ येते. नवशिके इथे हमखास चुकतात.

‘पिपच नाही’ असे उत्तर आले तर ‘पायथन डॅश एम एन्शुअरपिप’ ही आज्ञा द्या. बहुतेक वेळा पिप त्यातून बसतो.

बसवले तरी सापडत नाही : दोन पायथनांचा घोळ

ही सर्वांत जास्त छळणारी अडचण. पिप म्हणतो, पॅकेज बसले. प्रोग्राम म्हणतो, सापडत नाही. खरे तर दोघेही खरे बोलत असतात.

एका संगणकावर दोन-तीन पायथन असू शकतात. एक संकेतस्थळावरून उतरवलेला, एक विंडोजच्या दुकानातून आलेला, एक ॲनाकोंडासोबत आलेला. प्रत्येकाचे ‘साइट डॅश पॅकेजेस’ कपाट वेगळे. पुस्तक एका ग्रंथालयासाठी विकत घेतले आणि चिठ्ठी दुसऱ्या ग्रंथालयात दिली, तर ते मिळणार कसे?

शोध असा घ्या. प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला ‘इम्पोर्ट सिस’ लिहा. हा ‘सिस’ म्हणजे एस, वाय, एस ही तीन अक्षरे. पुढच्या ओळीत ‘प्रिंट’ लिहून कंसात ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ लिहा. प्रोग्राम चालवला की तो कोणत्या पायथनवर चालतो आहे त्याचा पूर्ण पत्ता पडद्यावर येईल. आता टर्मिनलमध्ये ‘पायथन डॅश एम पिप डॅश डॅश व्हर्जन’ द्या. पिप कोणत्या फोल्डरमध्ये आणि कोणत्या पायथनसाठी काम करतो ते तिथे दिसेल. दोन पत्ते जुळत नसतील तर रोग सापडला.

उपायही सोपा. प्रोग्रामने जो पत्ता दाखवला तोच पूर्ण पत्ता ‘पायथन’ या शब्दाच्या जागी लिहून पिपची आज्ञा द्या. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा, आणि विंडोजवर पॉवरशेल वापरत असाल तर त्याच्या आधी ‘अँड’चे चिन्ह द्या. नुसते ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल’ लिहिण्याची सवय याचसाठी लावायची, कारण त्यात कोणत्या पायथनचा पिप हे तुम्ही स्वतः ठरवता.

व्हीएस कोड वापरत असाल तर कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र दाबा, ‘सिलेक्ट इंटरप्रिटर’ शोधा आणि योग्य पायथन निवडा. जुपिटर नोटबुकमध्ये एका चौकटीत टक्क्याचे चिन्ह लावून ‘पिप इन्स्टॉल’ लिहिले तर त्या नोटबुकच्याच पायथनमध्ये पॅकेज बसते. त्यानंतर कर्नल एकदा पुन्हा सुरू करावा.

पॅकेजचे नाव वेगळे, मॉड्यूलचे वेगळे

कधी कधी प्रोग्राममधले नाव जसेच्या तसे पिपला दिले तर काहीच मिळत नाही किंवा भलतेच मिळते. कारण पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे नाव आणि कोठारातले नाव सारखेच असेल असे नाही. नेहमी लागणारी काही उदाहरणे ध्यानात ठेवा. प्रोग्राममध्ये ‘सीव्ही२’ असेल तर बसवायचे ‘ओपनसीव्ही डॅश पायथन’. ‘एसकेलर्न’साठी ‘सायकिट डॅश लर्न’. ‘पीआयएल’साठी ‘पिलो’. ‘बीएस४’साठी ‘ब्युटिफुलसूप४’. शंका असेल तर त्या पॅकेजच्या अधिकृत माहितीत बसवण्याची आज्ञा काय दिली आहे ते पाहा.

लहान-मोठी अक्षरेही तपासा. इम्पोर्टच्या ओळीत ‘पँडाज’चे पहिले अक्षर मोठ्या लिपीत लिहिले तर पायथनला ते वेगळे नाव वाटते.

आपल्याच फाइलने वाट अडवली तर

शिकताना मुले सराव फाइलला ‘पँडाज डॉट पीवाय’ किंवा ‘रँडम डॉट पीवाय’ असे नाव देतात. आता कपाटांचा क्रम आठवा. प्रोग्रामचा स्वतःचा फोल्डर आधी पाहिला जातो. त्यामुळे पायथन खऱ्या पँडाजपर्यंत पोहोचतच नाही, तुमचीच फाइल उघडतो. मग ‘पार्शियली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ किंवा ‘इज नॉट अ पॅकेज’ असे शब्द असलेली चूक येते. फाइलचे नाव बदला आणि त्या फोल्डरमध्ये ‘पायकॅश’ नावाचा उपफोल्डर दिसला तर तो पुसून टाका. प्रश्न मिटतो.

एक बसवले, दुसरे मागते

पँडाज बसला, प्रोग्राम पुन्हा चालवला आणि नवीच चूक आली : ‘ओपनपायएक्सएल’ हवे. अनेक जण इथे वैतागतात. वास्तविक आपण पुढे सरकलेलो असतो.

हे असल्याने ते असते, हे नसल्याने ते नसते, ही प्रतीत्यसमुत्पादाची दृष्टी आपण धम्मवर्गात शिकतो. पॅकेजांची रचना तशीच परस्परावलंबी आहे. पँडाजला नमपाय लागते, पायथन डॅश डेटयूटिल लागते. ही पिप स्वतःहून आणतो, कारण त्यांच्याशिवाय पँडाज उभाच राहत नाही. एक्सेलची नवी फाइल वाचायला मात्र ओपनपायएक्सएल लागते आणि ते ऐच्छिक मानले जाते, कारण प्रत्येकाला एक्सेल वाचायचे नसते. म्हणून ते वेगळे बसवायचे. चूक कोणत्या कारणावर उभी आहे ते दिसले की ते कारण दूर करायचे. उगाच पायथन उडवून पुन्हा बसवत बसायचे नाही.

प्रत्येक कामाची वेगळी खोली

अभ्यासिकेतला संगणक दहा जण वापरतात. एकाला पँडाजची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी. एकाने बदलली की दुसऱ्याचे बंद पडते. यावर पायथनमध्येच उपाय आहे, त्याला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. प्रत्येक कामाला स्वतःची खोली आणि स्वतःचे कपाट.

कामाच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘पायथन डॅश एम व्हीएन्व्ह खोली’ अशी आज्ञा द्या. ‘खोली’च्या जागी इंग्रजी अक्षरांत हवे ते नाव चालेल. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘खोली’मधल्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरातली ‘ॲक्टिव्हेट’ चालवा. लिनक्सवर ‘सोर्स’ हा शब्द लिहून ‘खोली’मधल्या ‘बिन’ फोल्डरातल्या ‘ॲक्टिव्हेट’चा पत्ता द्या. ओळीच्या सुरुवातीला कंसात खोलीचे नाव दिसू लागले की तुम्ही आत आहात. आता जे बसवाल ते याच खोलीत राहील. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडले की आत जाण्याची आज्ञा पुन्हा द्यावी लागते. ‘काल चालत होते, आज चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

डेबियन १२ किंवा अलीकडच्या उबुंटूवर पिपची आज्ञा दिली की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असे सांगून ती नाकारली जाते. तो बिघाड समजू नका. तिथला पायथन संगणकाच्या स्वतःच्या कामासाठीही वापरला जातो, त्याला धक्का लागू नये म्हणून ही राखण आहे. राखण मोडणारी आज्ञा शोधण्यापेक्षा वेगळी खोली करावी.

जुना संगणक, तुटके इंटरनेट

आपल्या अनेक अभ्यासिकांमध्ये दान म्हणून आलेले संगणक आहेत. काहींवर अजून विंडोज ७ आहे. त्यावर पायथनची ३.८ ही मालिका चालते, ३.९ आणि त्यापुढच्या चालत नाहीत. लॅपटॉपवरच्या नव्या पँडाजचा नेमका आकडा मागितला तर अशा संगणकावर ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन’ असे उत्तर येते. अशा वेळी आवृत्तीचा आकडा काढून नुसते ‘पँडाज’ मागावे. त्या पायथनला चालणारी जुनी आवृत्ती पिप स्वतः निवडतो. उलट, कालच आलेला अगदी नवा पायथन बसवला असेल तर काही पॅकेजांच्या तयार आवृत्त्या त्याच्यासाठी अजून निघालेल्या नसतात. तेव्हा एक पाऊल मागची आवृत्ती वापरावी.

विहारात इंटरनेट नसेल तर पेनड्राइव्ह कामी येतो. ज्याच्याकडे इंटरनेट आहे त्याने ‘पायथन डॅश एम पिप डाउनलोड डॅश डी पिशवी पँडाज ओपनपायएक्सएल’ अशी आज्ञा द्यावी. सगळी पॅकेजेस त्यांच्या अवलंबित पॅकेजांसह ‘पिशवी’ या फोल्डरात जमा होतात. तो फोल्डर पेनड्राइव्हवर घालून विहारातल्या संगणकावर न्यावा आणि तिथे ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल डॅश डॅश नो डॅश इंडेक्स डॅश डॅश फाइंड डॅश लिंक्स पिशवी पँडाज ओपनपायएक्सएल’ अशी आज्ञा द्यावी. अट एकच : दोन्ही संगणकांची प्रणाली आणि पायथनची आवृत्ती जुळली पाहिजे. विंडोजसाठी आणलेले पँडाज लिनक्सवर बसत नाही.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडून शिकायला सुरुवात करावी. तिथे पँडाज आधीच बसवलेले असते. वेगळे काही बसवले तर ते सत्र संपल्यावर जाते, म्हणून बसवण्याची ओळ पहिल्याच चौकटीत ठेवावी. मात्र सराव करताना वस्तीतल्या मुलांची नावे, जात, बँक खाते असलेली खरी यादी तिथे चढवू नका. लोकांनी ती आपल्यावर विश्वास ठेवून दिलेली असते.

कोणी सांगितले म्हणून आज्ञा चालवू नका

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपल्याला माहीत आहे. परंपरेने आले म्हणून, ऐकीव आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासा. संगणकासमोर बसतानाही हा उपदेश सोबत असू द्यावा. पायपीआयवर कोणीही पॅकेज ठेवू शकतो. प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखादे अक्षर बदलून घातक प्रोग्राम ठेवल्याचे प्रकार तिथे अनेकदा उघडकीस आले आणि ती पॅकेजेस काढून टाकावी लागली. म्हणून पिपला नाव देताना प्रत्येक अक्षर पाहा. एखाद्या व्हिडिओत ‘सुडो’ लावून आज्ञा दिली असेल तर ती संगणकाचा पूर्ण अधिकार मागते, हे समजून घ्या आणि मगच एंटर दाबा.

पुढच्यासाठी वाट करून ठेवा

काम झाले की शेवटचे एक कर्तव्य उरते. खोलीत असताना ‘पायथन डॅश एम पिप फ्रीझ’ ही आज्ञा द्या. बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचे नाव आणि आवृत्ती पडद्यावर येईल. ती ‘रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी’ या फाइलमध्ये साठवा आणि प्रोग्रामसोबत द्या. पुढच्या माणसाला ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल डॅश आर’ लिहून पुढे त्या फाइलचे नाव दिले की पुरते. सुरुवातीच्या गोष्टीतल्या मुलीने प्रोग्रामसोबत ही छोटी यादी दिली असती, तर विहारातल्या संगणकासमोर बसलेल्याला निदान काय आणायचे आहे ते लाल ओळी येण्याआधीच कळले असते.

आणि अभ्यासिकेत संगणकाशेजारी एक वही ठेवा. आलेली चूक, सापडलेले कारण, केलेला उपाय आणि तारीख, एवढ्या चार गोष्टी प्रत्येकाने मराठीत लिहायच्या. सहा महिन्यांत ती वही त्या वस्तीतला ‘आयटीतला काका’ होईल. ज्याला विचारायला कोणी नाही, त्याला निदान ती वही तरी असेल.

यादी वाचली गेली, तक्ता निघाला, तर सोमवारचे निवेदन नुसत्या तक्रारीचे राहणार नाही. कोणत्या महाविद्यालयात किती अर्ज आणि कशामुळे अडले, हे कागदावर मांडून साहेबांना उत्तर मागता येईल. त्यासाठी लाल ओळींना न घाबरता शेवटची ओळ वाचायला शिकू या.

जय भीम, नमो बुद्धाय.